बोरगोंदीचे सत्तावीस

शर्वरी कापगतेचं काम थोडक्यात सांगायचं तर चोर पकडण्याचं होतं. फक्त हे चोर काही चोरून नेत नसत. उलट, कुठं जायचं नसताना तिकीट काढून गाडीत बसत.

नागपूरच्या लोहमार्ग जोड मंडळात ती प्रवास-पडताळणी अधिकारी होती. चार वर्षांत तिनं अकरा प्रकरणं उघडकीला आणली होती. एका बिल्डरनं आपल्या नव्या वसाहतीजवळचा थांबा टिकावा म्हणून कॉलेजची पोरं भाड्यानं आणून दिवसभर गाडीतून हिंडवली होती. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं तर आपले बँडवाले लाल गणवेशासकट फिरवले होते, तेही ऐन चातुर्मासात, जेव्हा लग्नं नसतात. शर्वरीनं दोघांनाही पकडलं. ऑफिसात तिला गमतीनं 'उलटी टीसी' म्हणत. टीसी विनातिकीट माणसं शोधतो, ही विनाकारण माणसं शोधायची.

लोकांना विनाकारण गाडीत बसायची वेळ का आली, हे कळायला आधी 'वेल' कळायला हवी.

ओल्या, कुजक्या लाकडावर वाढणारा एक पिवळा चिकट जीव असतो. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, सगळा मिळून एकच पेशी. पण त्याच्या आजूबाजूला खाण्याचे दाणे ठेवले की तो चहूकडं बारीक तंतू सोडतो. ज्या तंतूतून अन्न जास्त वाहतं तो जाड होतो. ज्यातून कमी वाहतं तो आकसतो आणि वाळून जातो. दिवस-दोन दिवसांत सगळ्या दाण्यांना जोडणारं आटोपशीर जाळं तयार. शास्त्रज्ञांनी एकदा शहराच्या नकाशावर उपनगरांच्या जागी दाणे ठेवून पाहिले, तर या बिनडोक जिवानं काढलेलं जाळं इंजिनिअरांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेल्या रेल्वेच्या जाळ्याच्या अगदी जवळ जाणारं निघालं. इंजिनिअरांनी हे मोठ्या मनानं मान्य केलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

नागपूरला रेल्वेचे फाटे कमी नव्हते. पण सगळे शहरातच येऊन मिळायचे. रामटेकच्या माणसाला उमरेडला जायचं तर आधी नागपुरात यायचं, स्टेशन बदलायचं, मग दुसरी गाडी धरायची. ही टोकं बाहेरच्या बाहेर जोडावी ही कल्पना जुनीच. पण जोड कुठल्या गावावरून काढायचा यावर वीस वर्षं नुसत्या बैठका झाल्या. प्रत्येक आमदाराच्या नकाशात जोडमार्ग त्याच्या सासुरवाडीवरून जायचा. मग दोन गोष्टी लागोपाठ आल्या. एक म्हणजे तयार रूळपट्ट्या टाकणारं यंत्र. पूर्वी रूळ टाकायला वर्षं लागायची. हे यंत्र दिवसाला दीड किलोमीटर टाकायचं आणि तितक्याच सहज उचलायचं. दुसरी गोष्ट म्हणजे वेल.

वेल म्हणजे त्या चिकट जिवाचं गणित चालवणारी संगणकप्रणाली. दाण्यांच्या जागी माणसं. ज्या मार्गानं माणसं जातात तिथं वेल गाड्या वाढवते, फाटे काढते, लांब नेते. ज्या थांब्यावर चाळीस दिवसांत रोजची सरासरी ऐंशी चढ-उतारांच्या खाली जाते, तो थांबा 'कोमेजला' म्हणून जाहीर होतो आणि आठ दिवसांत तिथले रूळ उचलून दुसरीकडं टाकले जातात. वशिला नाही, निवेदन नाही, रास्ता रोको नाही. लोकांना सुरुवातीला हे फार आवडलं. आपला थांबा जाईपर्यंत प्रत्येकाला ते आवडायचं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी शर्वरीच्या पडद्यावर संशयाची पिवळी खूण आली: बोरगोंदी.

रामटेक आणि उमरेडच्या मार्गांना जोडणाऱ्या नव्या रुळावरचा हा एक छोटा थांबा. एका डब्याची गाडी दर चाळीस मिनिटांनी येते, अर्धा मिनिट थांबते, जाते. शर्वरी त्या गावात जन्मली होती. तिचे वडील अजून तिथंच राहत होते.

तिचे साहेब हिवरकर खुर्ची सरकवत म्हणाले, "तुमचंच गाव ना हे? अवघड वाटत असेल तर दुसऱ्या कुणाकडं देतो."

"नको सर, मीच बघते," ती म्हणाली. हे तिनं इतक्या पटकन का म्हटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

खोटा प्रवास ओळखायची वेलची रीत साधी होती. खरी माणसं ओबडधोबड प्रवास करतात. पाऊस पडला की घरी बसतात, लग्न निघालं की झुंडीनं जातात, पोर तापलं की दोन दिवस दिसत नाहीत. कुणी महिन्यात तीस वेळा जातं, कुणी वर्षात एकदा. भाड्याची माणसं मात्र नेमून दिल्यासारखी जातात. बोरगोंदीत दुधवाले, नोकरदार आणि शिकायला जाणाऱ्या पोरी मिळून रोजचे तीसेक चढ-उतार होते, ते अगदी ओबडधोबड. त्याखेरीज रोज आणखी सत्तावीस माणसं चढायची आणि तीच सत्तावीस परत येऊन उतरायची. सव्वीस नाहीत, अठ्ठावीस नाहीत. ढगफुटीच्या दिवशी सत्तावीस. गावात मयत झाली त्या दिवशी सत्तावीस. पोळ्याच्या दिवशीसुद्धा सत्तावीस, आणि विदर्भातला शेतकरी पोळ्याला बैल सोडून गाडीत जाऊन बसत असेल तर जगबुडी जवळ आली म्हणायची.

तिनं नावं उघडली. नऊ घरं, प्रत्येक घरातून तिघं. दुसऱ्या दिवशी दुसरी नऊ घरं. सात दिवसांत त्रेसष्ट घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. तिची नजर यादीवरून खाली सरकली. लंजे, तितिरमारे, डोंगरवार, हातझाडे. पुढचं नाव वाचायच्या आधीच ते काय असणार हे तिला कळलं.

ही पाणीपाळी होती.

बोरगोंदीला जुना तलाव आहे, मालगुजारीच्या काळातला. पाऊस दगा देतो तेव्हा धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, त्याचंच पाणी मिळतं. ते कोणी, कधी, किती घ्यायचं याची पाळी ठरलेली. ती शेपटाकडून सुरू होते. म्हणजे तलावापासून सगळ्यांत लांब ज्याची बांधी, त्याला पहिलं पाणी, आणि तलावाला लागून ज्याची, त्याला शेवटचं, कारण त्याला झिरप्याचं मिळतच असतं. पाळी लावणाऱ्याला पाणकर म्हणतात. पाणकर होते तिचे वडील नीळकंठ कापगते. लहानपणी ती त्यांच्या मागं बांधावरून चालायची आणि पाढ्यांसारखी घरांची नावं म्हणायची. वेलला फक्त इतकंच दिसलं होतं की माणसं संशयास्पद सारखेपणानं वागतायत. तो सारखेपणा कुठला, हे अख्ख्या मंडळात एकट्या शर्वरीला माहीत होतं.

आणि त्याचं कारणही तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी रुळाला जागा हवी होती तेव्हा गाव अडून बसलं होतं. मंडळानं शर्वरीला पुढं केलं. ग्रामसभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझा शब्द घ्या. लोक बसतील तोवर थांबा राहील." सगळ्यांत आधी बाबांनी सही केली, तलावाखालची चांगली बांधी दिली. मग बाकीच्यांनी दिल्या. आता तिनं या सत्तावीसांना खोटं ठरवलं की उरत होते तीस चढ-उतार. थांबा जाणार होता, रूळ मौद्याकडच्या गोदामांवरून वळणार होता, आणि बारावीनंतर घरी बसायचं सोडून शिकायला जाऊ लागलेल्या सात पोरी पुन्हा घरी बसणार होत्या. गावानं जमिनी दिल्या होत्या त्या तिच्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उमरेडवरून बोरगोंदीच्या गाडीत बसली. समोरच्या बाकावर इंदूकाकू तितिरमारे मांडीवर सुपलं घेऊन तांदूळ निवडत होत्या. शेजारी त्यांचा दीर आणि जाऊ पेंगत होते.

"अवं शर्वरी! तू कुठं इकडं?" काकूंनी खडा खिडकीबाहेर फेकायचा प्रयत्न केला, खिडकी बंद होती. "आज आमची पाळी हाय नं."

"उमरेडले काय काम होतं काकू?"

"काम काय राहते? गेलो, उतरलो, फलाटावर पाणी पेलो, अन् बसलो." त्या खुशीत होत्या. "गुडघे दुखते मायबाई, पण पाळी म्हणजे पाळी. माही पल्लवी लॅबच्या कोर्सले जाते नागपूरले, तिची गाडी चालू राह्यली पायजे नं."

शर्वरीनं पर्समधलं ओळखपत्र आणखी खोल सारलं.

बाबा ओसरीवर लाखोरीची डाळ वाळत घालत होते. अंगानं वाळके, पण पाठ सरळ. आई गेल्यापासून स्वयंपाक, शेत, तलाव असं सगळं एकटेच बघायचे.

"आली काय बाई? जेवून आली का भात टाकू?"

ती टेकलीही नाही. "बाबा, गाडीत पाळी कोणी लावली?"

त्यांचा चेहरा उजळला. पोरीनं आपणहून ओळखलं याचंच त्यांना कौतुक. "मीच लावली. जूनमधी त्या पोरीनं, पल्लवीनं, मोबाईलवर आकडे दाखवले. एकतीस, अठ्ठावीस, चौतीस. ऐंशी पायजे म्हणे. मग चावडीवर बसलो. म्हटलं, तलाव तीनशे वर्षं पाळीवर चालला, गाडी नाई चालणार काय? शेपटापासून धरली. एकाही घरानं आजपावतर नागा केला नाई." 

"ही फसवणूक हाय बाबा."

"कोणाची?" ते खरोखर चकित झाले. "तूच सांगितलं होतं का नाई, लोक बसतील तोवर थांबा राहील? बसलो आमी. पास दाखवून बसलो. एकानं चुकवलं नाई. यात खोटं काय हाय ते सांग मले."

यावर नियमावलीत उत्तर होतं: प्रवासाला प्रयोजन हवं. पण फलाटावर पाणी पिऊन परत येणाऱ्या इंदूकाकूंचं प्रयोजन मंडळातल्या कुणाहीपेक्षा पक्कं होतं, हे तिला दिसत होतं. तिनं वेल कशी पकडते ते समजावून सांगितलं. ढगफुटीचा दिवस, मयतीचा दिवस, पोळा.

बाबा आधी हसले. "म्हणजे आमी बरोबर वागलो म्हणून सापडलो? चोर सापडते, ते ऐकलं होतं."

"माझ्याकडं दहा दिवस हायेत. मी खरं लिहिलं तर थांबा जाईल."

"अन् खोटं लिहिलं तर?"

"खोटं लिहून भागणार नाही. पुढच्या महिन्यात वेल पुन्हा पकडेल. तुम्हाले वागणं बदलावं लागेल." ती त्यांच्याजवळ खाली बसली. गेल्या चार वर्षांत बिल्डरांपासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या चुका तिनं पाहिल्या होत्या. न सापडता खोटा प्रवास कसा करायचा हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "पाळी मोडा बाबा. सारखं नको, कमीजास्त पायजे. एखाद्यानं महिन्यात वीस वेळा जावं, एखाद्यानं एकदाही नाही. पाऊस आला तर जाऊ नका. सणाले जाऊ नका. कंटाळा आला तर घरी राहा."

"अन् जो नाही गेला, त्याले काय म्हणायचं?"

"काही नाही म्हणायचं."

"असं कसं काही नाही?" त्यांनी हातातली डाळ खाली ठेवली. "एक वीस वेळा जाते अन् दुसरा घरी लोळते, अन् काहीच म्हणायचं नाई? बाई, त्यापेक्षा तू खरं लिहून टाक. जाऊ दे थांबा."

हे ऐकून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ग्रामसभा आली. सात पोरी आल्या. बाबांच्या बांधीतून गेलेला रूळ आला, आणि तो उचलून नेल्यावर उरणारी, धान पिकणार नाही अशी खडीची पट्टी आली. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, आणि हेही त्या यादीत होतं, नाही कसं म्हणणार?

"तलावाची पाळी कुठं जाते?" ती म्हणाली. "ती राहीलच. ही फक्त गाडीची. दोन वेगळ्या गोष्टी हायेत."

"तुले वेगळ्या वाटते," बाबा म्हणाले. त्यांनी डाळीवरून हात फिरवला. "लोकायले मी काय सांगू?"

"सांगा, शर्वरी म्हणाली."

त्यांनी तसंच सांगितलं. पोरीच्या शब्दाखातर आधी बांधी दिली होती, आता पाळी दिली. शर्वरीनं अहवालात लिहिलं: 'प्रवास स्थानिक सामुदायिक सवयींशी सुसंगत. नैसर्गिक.' खाली सही केली. ती जराही अडखळली नाही, याचं तिला नंतर वाईट वाटलं.

पंधरा दिवसांत बोरगोंदीचा आलेख खऱ्या गावासारखा दिसू लागला. कधी साठ, कधी एकशे दहा. सरासरी पंच्याऐंशी. भोजराज हातझाडेच्या घरात चार कर्ते मुलगे. ते हौसेनं रोज जाऊ लागले. काही घरांनी गाडीचं तोंडही पाहिलं नाही. पिवळी खूण हिरवी झाली. हिवरकर म्हणाले, "बघा, उगाच घाबरलो होतो आपण." शर्वरी हसली. पकडणाऱ्यानंच कसं सुटायचं ते शिकवलं की काम किती चोख होतं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

ऑक्टोबरात पाऊस अचानक गेला. धान लोंबीवर आलेलं, नेमकं पाणी हवं तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत. तलाव सोडायची वेळ आली. बाबांना फोन केला की ते "बरं हाय" एवढंच म्हणायचे. त्याआधी ते फोनवर पाण्याची पातळी बोटं मोजून सांगायचे. 

महिनाअखेरीला दुपारच्या सुट्टीत पल्लवी तितिरमारे तिच्या ऑफिसच्या दारात उभी राहिली. एकोणीस वर्षांची पोर, लॅबचा पांढरा कोट हातावर टाकलेला, आत यायला तयार नाही.

"ताई, तुमाले नीळकंठ बाबाजींनी काही सांगितलं का नाई?"

"काय?"

पल्लवीनं उभ्याउभ्या सांगितलं. तलावावर सगळे जमले होते. बाबांनी नेहमीसारखं शेपटाकडचं पहिलं नाव घेतलं: बळीराम लंजे. म्हातारा लंजे आजारी, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या घरून दीड महिन्यात एकही माणूस गाडीत बसलं नव्हतं. भोजराज हातझाडे पुढं झाला. म्हणाला, थांबा आमी जगवला, आमच्या पोरांनी दिवस घातले, अन् पहिलं पाणी या लंज्यायले? बाबा म्हणाले, गाडीचा अन् तलावाचा संबंध नाही. तेव्हा भोजराज म्हणाला, गाडीची पाळी एकाच माणसानं लावली होती, त्याच माणसानं मोडली. एक मोडते तर दुसरी काहून नाही?

"मग?"

"मग सगळेच आपापल्या फेऱ्या सांगाले लागले. मोबाईल काढून. कोणाच्या किती." पल्लवीनं मान खाली घातली. "मीही सांगितल्या. माह्या आईची बांधी वाळून राह्यली होती ताई. मी म्हटलं, माह्या फेऱ्या सगळ्यायपेक्षा जास्त हायेत, अन् माह्या तर खऱ्या हायेत. माह्या आईले आधी द्या."

"बाबा काय म्हणाले?"

"माह्याकडं पाह्यलं फक्त. पाणी सोडायची मोरी उघडायचा लोखंडी दांडा पाळीवर ठेवला, तलावाच्या बांधावर, अन् घरी गेले. आमच्या बांधीले दुसऱ्या नंबरानं पाणी भेटलं. लंज्याचं धान गेलं." तिचे डोळे भरले. "दुसऱ्या दिवशी आईनं मले लय झोडपलं शब्दानं. आमी बोलवाले गेलो बाबाजीले. ते म्हणे, आता तुमच्या मोबाईलमधी पाळी हाय, माहं काय काम? ताई, तुमीच त्यायले सांगितलं होतं नं, सारखं नको, कमीजास्त पायजे?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. शर्वरी "हो" म्हणाली. पल्लवीची क्लासची वेळ झाली होती, ती गेली.

त्या रविवारी शर्वरी गावी गेली. बाबांनी भात टाकला, वांग्याची भाजी केली, दोघं जेवली. तलावाचा विषय तिनं काढला तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे. लोक हायेत, चालवतील." चावडीवर चारचौघे बसले होते, ती दिसताच उठून उभे राहिले आणि चहा घ्या म्हणाले. थांबा वाचवणारी म्हणून तिला आता गावात मान होता. म्हाताऱ्या लंज्याच्या घरावरून जाताना तिनं पाय उचलले आणि दाराकडं पाहिलं नाही.

डिसेंबरात तिनं खरं लिहायला घेतलं. तीनदा कागद उघडला. थांबा गेला तर पाळी परत येईल का, याचं उत्तर मिळालं असतं तर तिनं लिहिलंही असतं. पण मोडलेली पाळी परत येत नाही, हे तिला 'तुमच्या मोबाईलमधी पाळी हाय' या बाबांच्या वाक्यावरून कळत होतं, आणि सात पोरी तर रोज नागपुरात उतरत होत्या. दर वेळी कागद बंद झाला.

जानेवारीत वेलनं वार्षिक आढावा काढला. त्यात एक नवी तालिका होती: प्रत्येक थांब्यावरचा सगळ्यात 'अस्सल' प्रवासी. म्हणजे ज्याच्या प्रवासात कसलाही ठरावीकपणा सापडत नाही असा. हिवरकरांना ती फार आवडली. म्हणाले, यांचे फोटो लावू या भिंतीवर.

बोरगोंदीच्या प्रवाशासमोर शंभरपैकी नव्व्याण्णव गुण होते. हा माणूस कधी पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघायचा, कधी भर दुपारी. कधी कुहीला उतरायचा, कधी रामटेकपर्यंत जायचा, कधी कुठंच न उतरता तीन फेऱ्या करायचा. ना बाजाराचा दिवस, ना देवाचा, ना नातलगांचा. दोन महिन्यांत एकशे चौऱ्याहत्तर प्रवास. शर्वरीनं नाव उघडायला बोट पुढं केलं, आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवलं. मग उघडलं.

नीळकंठ दामोदर कापगते.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. उमरेडला ती फलाटावर थांबली, दोन गाड्या सोडल्या. तिसऱ्या गाडीत बाबा दिसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हात मांडीवर. डब्यात आणखी चार माणसं होती. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी वळून पाहिलं, दचकले नाहीत.

"रजा हाय काय आज?"

"हो. कुठं चालले बाबा?"

"कुठं नाई."

गाडी सुटली. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या होत्या, मधूनमधून हरभरा. बाबा तिला शेतं दाखवू लागले: ही अमक्याची, ही पडीत, इथं कालवा येणार होता. सगळ्या मार्गावरच्या बांध्या त्यांना आता पाठ झाल्या होत्या. कोणती तलावाच्या शेपटाला आणि कोणती डोक्याला, तेही ते सांगत होते, आणि ते तलाव त्यांच्या गावाचे नव्हते.

"तुम्ही रोज का बसता?" तिनं विचारलं.

"घरी बसून करू काय? चावडीवर गेलो का माणसं बोलता बोलता थांबते. तलावाकडं गेलो का वाटते, कोणी म्हणेल, हा काहून आला." ते साधेपणानं बोलत होते. "गाडीत बरं असते. कोणी काही इचारत नाई. अन् तू म्हणाली होती, लोक बसले पायजे. म्हटलं, तेवढंच तुले कामी येईल."

शर्वरीनं ओठ दाबून धरले. डब्यात रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते काही जमलं नाही. बाबांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि दुसरीकडं पाहू लागले.

"बाबा, आता नाही बसलं तरी चालते," ती रुमालातून म्हणाली. "खरे प्रवासी वाढलेत. तुमच्यावाचून थांबा जाणार नाही."

"नाई जाणार?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

गाडीचा वेग कमी झाला. बोरगोंदीची पाटी आली. दार उघडलं, थंड वारा आत आला, फलाटावर पल्लवीची एक मैत्रीण वह्या छातीशी धरून चढली आणि बाबांना पाहून जरा लांबच्या बाकावर जाऊन बसली. दार अर्धा मिनिट उघडं राहणार होतं. बाबा दाराकडं बघत होते, पण उठले नाहीत.

"मंग उतरून मी काय करू, बाई?" त्यांनी विचारलं.

ती विचार करत होती तेवढ्यात दार लागलं आणि गाडी रामटेककडं निघाली.